पाच वर्षं बंद असलेलं दुसरं घर, छत गळतंय, भिंतीला भेग. दुरुस्त करून विकू की आहे तसंच देऊन मोकळी होऊ?

कुलूपकिल्ली

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागते.

बाबांनी सुट्टीत जाऊन राहायला म्हणून एक छोटं घर घेतलं होतं, आमच्या राहत्या घरापासून गाडीने साधारण चार तास. खाली दोन खोल्या नि स्वयंपाकघर, वर एक खोली. मूळ घर विटांचं नि कौलारू, नंतर बाबांनी मागच्या बाजूला स्लॅबची एक खोली आणि बाथरूम वाढवलं. बाबा होते तोवर वर्षातून चार-पाच चकरा व्हायच्या. ते गेले, आईला प्रवास झेपेना, भाऊ परदेशात, मी नोकरी आणि मुलांच्या शाळेत अडकलेली, असं करता करता पाच वर्षं कुणी आत पाऊल टाकलं नाही. दर वर्षी ठरवायचो की या सुट्टीत नक्की. शेजारचे काका अधूनमधून बाहेरून बघून सगळं ठीक आहे म्हणायचे. त्यांचा दोष नाही, बाहेरून ठीकच दिसतं.

गेल्या महिन्यात शेवटी गेले. कुलूप इतकं गंजलेलं की तेल घालून अर्धा तास झटापट केली आणि शेवटी तोडलं. दार उघडल्यावर आधी वास आला, मग दिसायला लागलं. वरच्या खोलीत छतातून उजेड येतोय, तीन-चार कौलं सरकलीत, त्याखालचा वासा काळा पडलाय, मी छत्रीच्या टोकाने टोचून बघितलं तर टोक बोटभर आत गेलं, जोर न लावता. तिथली लाकडी जमीन एका कोपऱ्यात पायाखाली दबते. खालच्या भिंतींचे मांडीएवढ्या उंचीपर्यंत पोपडे निघालेत आणि त्याच्या वर पांढरी, मिठासारखी एक रेघ सगळ्या खोलीभर फिरलीय. मागच्या स्लॅबचा खालचा थर गळून पडलाय, गंजक्या सळया लोंबतायत. खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंतीवर तिरकी भेग गेलीय, विटांच्या सांध्यांतून, पायऱ्या-पायऱ्यांसारखी. वाळवी आहेच. बाथरूममध्ये तर उभं राहवत नव्हतं. वर एक लोखंडी कपाट आहे, त्याची किल्ली कुणाकडे आहे देव जाणे.

आता पैशाचं. एका ठेकेदाराने टेपसुद्धा न लावता, खिशात हात घालून घर बघितलं आणि एक आकडा फेकला. दुसऱ्याने त्याच्या अडीचपट सांगितला. एजंट म्हणतो दुरुस्त करून विका, चांगला भाव येईल, आणि दोनच दिवसांनी तोच एजंट एक गिऱ्हाईक घेऊन आला जो म्हणतो आहे तसं द्या, सगळे पैसे रोखठोक, पंधरा दिवसांत व्यवहार. खरे आकडे लिहीत नाही, पण शेजारचं नीट ठेवलेलं तसंच घर १०० ला गेलं असं धरा, तर हा माणूस ५० म्हणतोय. भाऊ फोनवरून म्हणतो १०० च्या खाली विषयच काढू नकोस, बाबांचं घर आहे ते. घर दोघांच्या नावावर आहे, धावपळ मात्र एकटीच्या.

एजंटचा अजून एक सल्ला, भेगा बुजवा, रंगाचा एक हात मारा, बघणाऱ्याला काय कळतंय. मला ते काही पटत नाहीये, पण सगळेच असं करतात असंही ऐकते. काय करू?

खोडरबर

ताई, रंगाचं तेवढं करू नका. ओल्या भिंतीवरचा रंग काही महिन्यांत फुगून खाली येतो, आणि तोवर घर विकलं गेलेलं असलं तर नवा मालक तुमच्या दारात. "आहे तसं विकलंय" असं करारात लिहिलं म्हणून सुटका होत नाही. बघितल्यावर दिसणारा दोष ही घेणाऱ्याची जबाबदारी असं बहुतेक ठिकाणी धरतात, पण तुम्हाला माहीत असलेला दोष तुम्ही मुद्दाम झाकला हे सिद्ध झालं की ती फसवणूक होते, मग भरपाई द्या नाहीतर व्यवहार उलटा करा. एजंटचं कमिशन तेव्हा जिरलेलं असतं, त्याला काय.

आणि त्या एजंटला जरा लांबच ठेवा. दुरुस्त करा म्हणणारा माणूस दोन दिवसांत अर्ध्या किमतीचं गिऱ्हाईक आणतो?

ओळंबा

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, तीसेक वर्षं जुनीच घरं बघतोय. घर न बघता निदान करत नाही, पण तुम्ही इतकं नीट लिहिलंय की थोडं बोलता येईल. तुम्ही सात तक्रारी सांगितल्यात, पण मला त्यात पाणी तीन वाटांनी आत येताना दिसतंय.

पहिली वाट छताची. कौल सरकलं, पाणी वाशावर आलं, वासा वर्षानुवर्षं ओला राहिला. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असला तर बुरशी त्याला कुजवू शकत नाही, त्याच्या वर गेला आणि तसाच राहिला की लाकूड आतून संपतं. छत्री आत गेली म्हणजे तो वासा गेला, त्याला पॉलिश-बिलिश काही नाही, बदलायचाच. पण शेजारचे वासे धड असू शकतात, त्यामुळे कुणी "सगळं छत उतरवा" म्हणाला तर आधी प्रत्येक वासा टोचून दाखव म्हणा. स्क्रूड्रायव्हर घ्या आणि वासा जिथे भिंतीत शिरतो तिथे टोचा, लाकूड आधी तिथेच कुजतं. आणि एक, गळती जिथे दिसते तिथेच भोक असतं असं नाही, पाणी वाशावरून घरंगळत जाऊन दोन-दोन मीटर लांब ठिबकतं.

जमीन दबतेय त्या कोपऱ्यात कृपा करून जाऊ नका. जावंच लागलं तर भिंतीच्या कडेकडेने, एकट्याने नाही.

दुसरी वाट जमिनीतून. ती पांढरी रेघ म्हणजे क्षार. विटांच्या बारीक छिद्रांतून जमिनीतलं पाणी वर चढतं, साधारण मीटरभर, मग सुकतं आणि मीठ मागे ठेवतं. यावर सगळे काय करतात तर सिमेंटचा जाड गिलावा आणि वर वॉटरप्रूफ रंग. पाण्याची बाहेर पडायची वाट बंद झाली की ते अजून वर चढतं, मांडीएवढी ओल खांद्याएवढी होते. आधी बाहेर जाऊन बघा भिंतीला लागून माती, पालापाचोळा किती साचलाय. आतल्या जमिनीपेक्षा बाहेरची माती वर आलेली असेल तर ती खणून खाली घ्यायची, छताची पन्हळ साफ करायची, पावसाचं पाणी भिंतीपासून लांब न्यायचं. फावड्याचं काम आहे. मी अशा कित्येक भिंती बघितल्यात ज्यांना एवढंच पुरलं, अर्थात सुकायला महिने लागतात, आठवडे नाही.

तिसरी स्लॅब. यात घाई नको आणि ढिलाईही नको. नवं काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं, पीएच १२ ते १३, त्या वातावरणात सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरतो, पीएच ९ च्या आसपास उतरतो, आणि एकदा ते सळईपर्यंत पोचलं आणि ओल मिळाली की गंज चालू. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त, कधी तर सहापट जागा लागते, ती जागा तो काँक्रीट फोडून घेतो. म्हणून थर गळतो. नुसता गिलावा मारून सळई झाकली तर आत तेच चालू राहतं. किती सळया किती बारीक झाल्यात हे कॅलिपर लावून मोजायला हवं, त्यावरून ठरतं की पॅच करून भागेल की तेवढी खोली पाडायची. पाडायची हा पर्यायही वाईट नसतो हो, मूळ घर धड असेल तर मागची वाढीव खोली नसलेलं घर जास्त सहज विकलं जातं, असं माझं मत.

भेगेचं. तिरकी, पायऱ्यांची भेग म्हणजे पाया कुठेतरी खचला. ती पूर्वीच खचून थांबलीय की अजून खचतेय हा खरा प्रश्न आहे. १ मिलिमीटरच्या आतली असेल तर मी फारसं बघत नाही. ५ च्या वर गेली की बघतो, १५ च्या वर गेली की त्या खोलीत कुणाला झोपू देत नाही. एक पातळ काचेची पट्टी भेगेच्या दोन्ही बाजूंना पक्की चिकटवा, भिंतीचा गिलावा सुटा असेल तर खरवडून विटेवर चिकटवा, आणि शेजारी पेन्सिलने तारीख लिहा. भिंत हलली तर काच तडकते. सहा महिने शाबूत राहिली तर घेणाऱ्याला दाखवायला यापेक्षा स्वस्त पुरावा नाही.

बाथरूमच्या वासाला घाबरू नका. पाइपाच्या वाकड्या भागात थोडं पाणी साचून राहतं, ते गटाराचा वास अडवतं. पाच वर्षांत ते उडून गेलं. प्रत्येक जाळीत एक-एक बादली ओता, वास बंद.

मागच्या खोलीवर किंवा कुठे जुने सिमेंटचे नालीदार पत्रे असतील तर ते फोडू नका, भोकं पाडू नका. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं.

ठेकेदाराकडून अंदाज घेण्याआधी एका तटस्थ इंजिनिअरला फी देऊन लेखी रिपोर्ट घ्या, जो स्वतः काम करणार नाही असा. मग तोच रिपोर्ट तिन्ही-चारी ठेकेदारांना द्या. आत्ता पहिला फक्त कौलांबद्दल बोलतोय आणि दुसरा अख्ख्या घराबद्दल, म्हणून अडीचपट.

कुलूपकिल्ली

ओळंबा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. बादलीची गोष्ट वाचून हसूच आलं, मी तर अख्खी ड्रेनेज लाइन बदलायची असं धरून चालले होते. बाहेरची माती तुम्ही म्हणता तशीच आहे, बाबांनी भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा केला होता, दर वर्षी त्यात माती घालायचे, हौस होती त्यांची.

पण एक सांगा, रिपोर्टमध्ये सगळं वाईटच निघालं तर? मग ते मला सांगावंच लागेल ना गिऱ्हाइकाला? न काढलेला बरा असं भाऊ म्हणतोय.

हिशेबी_माणूस

भाऊंचं म्हणणं वरवर बरोबर वाटतं पण हिशेबाने उलटं आहे. जॉर्ज ॲकरलॉफ नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हेच मांडलं होतं, २००१ मध्ये नोबेल मिळालं त्यांना. विकणाऱ्याला माल कसा आहे ते माहीत, घेणाऱ्याला नाही, मग घेणारा सगळ्यात वाईट धरूनच भाव सांगतो आणि चांगल्या मालालाही वाईटाचाच भाव मिळतो. तुमचं गिऱ्हाईक ५० म्हणतंय ते घर ५० चं आहे म्हणून नाही, पाया गेलेला असू शकतो हे धरून म्हणतंय. रिपोर्टमध्ये पाया ठीक निघाला तर ती भीती गेली. वाईट निघाला तरी निदान वाईट किती ते कळलं, आणि त्याने मनात त्याहून वाईटच धरलेलं होतं.

आता तुमच्याच १०० वर मांडतो. समजा रिपोर्टनंतर नीट अंदाज आला २२. जुन्या घरात भिंत उघडली की काहीतरी निघतंच म्हणून वर २० टक्के धरा, झाले २६ च्या आसपास. घेणारा म्हणेल १०० वजा २६, आणि माझी वर्षभराची दगदग नि जोखीम म्हणून अजून १२. म्हणजे ६२ च्या आसपास तुमची आहे-तशी किंमत. हे ५० पेक्षा बरंच वर आहे, तेव्हा रोखठोकवाल्याला नमस्कार करा.

दुरुस्त करून विकलंत तर? पूर्ण १०० धरू नका, तुम्ही निवडलेल्या फरशीचे पैसे दुसरा कुणी तुम्हाला देत नाही, ९५ धरा. ९५ मधून २६ गेले, ६९. त्यातून वर्षभराचे कर, वीज-पाण्याची बिलं, चार तास जायचे चार तास यायचे अशा चकरा, पैसे कुठून उचलले असतील तर व्याज, ४ तरी जातात. उरले ६५. ६२ आणि ६५. तीनसाठी एक वर्ष ठेकेदाराच्या मागे फोन करत फिरायची हौस असेल तर करा. माझे आकडे मानलेले आहेत, तुमचे घालून बघा, पण मांडणी हीच ठेवा आणि भावालाही पाठवा.

भावाच्या १०० बद्दल. १९९० मध्ये कानेमन, नेट्श आणि थेलर यांनी एक प्रयोग छापला होता, अर्ध्या लोकांना कॉफीचे मग फुकट दिले आणि मग विकायला सांगितलं. ज्यांच्या हातात मग होते त्यांनी घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत मागितली. काही मिनिटांपूर्वी मिळालेला मग होता तो. इथे तर बाबांचं घर आहे, भावाला दोष देऊ नका.

रानवाट

हिशेबीरावांशी मी पूर्ण सहमत नाही. आमचं असंच एक घर आम्ही दुरुस्त करून विकलं आणि पस्तावलो नाही. कारण यात एक गोष्ट सुटलीय, कर्ज. घर राहण्याजोगं नसेल तर बँकेचा माणूस येऊन बघतो आणि कर्ज एकतर नाकारतात नाहीतर दुरुस्ती होईपर्यंत काही रक्कम अडकवून ठेवतात. म्हणजे तुमच्या घराला गिऱ्हाईक फक्त रोख पैसेवालेच, आणि ते थोडे असतात, भाव पाडतात. छताला भोक आणि सळया लोंबतायत या अवस्थेत ६२ सुद्धा कागदावरच राहतील.

आम्ही काय केलं, सगळं नाही केलं. छत केलं, धोकादायक भाग केला, वायरिंग तपासून घेतलं, बाकी भिंती, फरशा, स्वयंपाकघर हात नाही लावला. घर राहण्याजोगं झालं पण सुंदर नाही. बँकेने कर्ज मंजूर केलं आणि पहिल्याच महिन्यात तीन लोक बघून गेले.

आमची चूक झाली ती वेगळी. छत करायच्या आधी मी बाहेरून रंग दिला. लोक बघायला यायचे, रंग बघायचे आणि आत गेल्यावर संशयाने सगळीकडे हात लावून बघायचे. एका आजोबांनी तर सरळ विचारलं, काय लपवलंय?

हिशेबी_माणूस

कर्जाचा मुद्दा मान्य. तो मी धरला नव्हता. मग मधला रस्ता मांडा, छत आणि स्लॅबचा धोका एवढंच केलं तर किती खर्च आणि गिऱ्हाइकं किती वाढतात. रिपोर्ट हातात आला की हे लगेच कळेल, कारण त्यात कामं वेगवेगळी लिहून येतात.

मधली_बहीण

मी कागदांचं सांगते कारण आमचं तिथेच अडकलं होतं. घर कसंही असो, दोघांची सही लागणार. भाऊ परदेशात आहे तर त्याने कुणाला तरी मुखत्यारपत्र द्यावं लागेल, ते तिथूनच योग्य अधिकाऱ्यासमोर करून घ्यावं लागतं आणि आमच्याकडे त्याला दोन महिने लागले. गिऱ्हाईक सापडल्यावर हे करायला घेतलं तर गिऱ्हाईक जातं. आत्ताच सुरू करा. वाढीव खोलीची परवानगी घेतली होती का तेही शोधा, नसेल तर घेणाऱ्याचा वकील तिथे बोट ठेवणारच.

दुसरं, विमा. घराचा विमा भरताय का? भरत असाल तर पॉलिसी काढून वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं की चोरी नि पाणीगळतीचं नुकसान मिळत नाही असं बारीक अक्षरात असतं. आम्ही सहा वर्षं हप्ते भरले आणि गळतीचा क्लेम टाकला तेव्हा समजलं. रडू आलं होतं.

तिसरं, नफ्यावरचा कर. राहत्या घराला पुष्कळ ठिकाणी जी सवलत असते ती दुसऱ्या घराला तशीच मिळेल असं गृहीत धरू नका. मूळ खरेदीची किंमत आणि त्यात घातलेला मोठा खर्च, म्हणजे ती वाढीव खोली वगैरे, नफ्यातून वजा होऊ शकतो, पण बिलं असली तर. बाबांची जुनी बिलं शोधा. कर सल्लागाराला किंमत ठरवायच्या आधी भेटा, नंतर नाही.

आणि भावाशी भांडू नका हो. त्याला एकदा व्हिडिओ कॉलवर घर दाखवा, कौलातून येणारा उजेड दाखवा. आमच्या भावाने नुसते फोटो बघितले तेव्हा ऐकलं नाही, कॉलवर मी भिंतीला बोट लावलं आणि गिलावा गळून पडला, तो आवाज त्याला ऐकू गेला, तेव्हा गप्प झाला.

खोडरबर

तोवर छतावर ताडपत्री टाका ताई, बाकी सगळं नंतर. वाद मिटेपर्यंत पाऊस थांबत नाही. वरच्या बाजूने नीट बांधा, पण घट्ट गुंडाळू नका, कडेने वारा खेळला पाहिजे नाहीतर आत घाम धरतो. ओल्या जागी बुरशी एक-दोन दिवसांत धरते. आणि मेन स्विच बंद करून ठेवा, उंदरांनी वायर कुरतडली असेल तर इलेक्ट्रिशियनने बघेपर्यंत चालू नाही करायचा.

कुलूपकिल्ली

सात आठवड्यांनी लिहितेय, पण काहींनी मेसेज करून विचारलं म्हणून.

पहिल्याच शनिवारी ताडपत्री टाकली, दोन माणसं लावून. वाफ्याची माती काढली, खाली भिंतीची आठ-नऊ इंच वीट इतकी वर्षं मातीत गाडलेली होती. बाहेर काढली तेव्हा काळीभोर, हात लावला की ओली. आता निदान उजेड तरी लागतोय तिला. प्रत्येक जाळीत बादली ओतली, वास खरंच गेला, मुलं म्हणाली आई जादू.

इंजिनिअर आले, अर्धा दिवस होते. रिपोर्ट अठरा पानांचा. वरचे अकरा वासे बघितले त्यातले तीनच गेलेत. वाळवी खालच्या दोन चौकटींत आहे, छतात नाही. मागची स्लॅब मात्र वाईट, सळया जवळजवळ अर्ध्या झाल्यात, ती खोली पाडा असंच लिहिलंय. भेग सगळ्यात रुंद जागी ४ मिलिमीटर, जुनी असावी असं त्यांचं मत, कारण तिच्या आत जुना रंग उतरलेला दिसला, म्हणजे भेग पडल्यावर कधीतरी बाबांनीच वरून रंग दिला होता. मला ते वाचून कसंतरीच झालं. काचपट्टी लावलीय, सहा आठवडे झाले, शाबूत आहे.

रिपोर्ट देऊन तीन ठेकेदारांकडून अंदाज घेतले, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत आता दहा टक्क्यांचाही फरक नाही. जो आधी अडीचपट सांगत होता तोच मधला निघाला. रानवाट म्हणतात तसा मधला रस्ता ठरवलाय, तीन वासे, कौलं, आणि मागची खोली पाडणं. रंग नाही. भिंती आहेत तशा.

भावाला कॉलवर दाखवलं. उजेड बघून तो गप्प झाला नाही, उलट म्हणाला की ती वरची खिडकी किती छान आहे, मी विसरलोच होतो. मग अर्धा तास जुन्याच गोष्टी. शेवटी म्हणाला, हिशेब पाठव. हिशेबी_माणूस यांची मांडणी आमचे आकडे घालून पाठवली, आता तो १०० म्हणत नाही, ७० म्हणतोय. मुखत्यारपत्राची अपॉइंटमेंट घेतलीय.

दोघं जण बघून गेले, दोघांना दारातच रिपोर्टची प्रत दिली. पहिल्याने दोन पानं चाळली आणि निघून गेला. दुसरं जोडपं तासभर होतं, बाईंनी रिपोर्ट हातात धरून एकेक भिंत तपासली, काचपट्टीजवळची तारीख वाचली आणि विचारलं ही कधी काढणार? म्हटलं तुम्ही घेतलंत तर तुम्हीच काढा. परत येतो म्हणालेत, बघू.

आणि ते कपाट. कुलूपवाला आणून उघडलं. आत पांघरुणं, सगळी बुरशी लागलेली, एक बंद पडलेला टॉर्च, आणि तळाला फाइल. बिलं बहुतेक वाळवीने खाल्लीत, पण मागच्या खोलीचा नकाशा आहे, मंजुरीच्या शिक्क्यासकट. एक कोपरा गेलाय, तारीख वाचता येतेय. म्हणजे जी खोली आम्ही पाडायला निघालोय तिचाच कागद तेवढा सापडला. मधली_बहीण, बिलं नसताना नकाशा आणि शिक्का कराच्या हिशेबात चालतो का, तुमच्या सल्लागाराला विचाराल का प्लीज? मी माझ्याला मंगळवारी भेटतेय.